ग्रहणातली भजी

आमचे घरमालक माणसाच्या तोंडाकडे सगळ्यात शेवटी पाहायचे. आधी पाय, मग गुडघे, मग कंबर, मग खांदे, आणि एवढी तपासणी मनासारखी झाली की मग, "अच्छा, तुम्ही होय!" जबलपूरला गोरखपूर नावाच्या मोहल्ल्यात त्यांच्या माडीवर आम्ही बिऱ्हाड केलं, त्या दिवशी मी डोक्यावर पदर घेऊन, हातात स्टोव्ह धरून त्यांच्यासमोर उभी होते आणि हे गृहस्थ माझ्या चपलांकडे टक लावून पाहत होते. मला वाटलं, चपला बाहेर काढायच्या राहिल्या म्हणून रागावले. तर ते मान वर न करताच म्हणाले, "उजवी टाच बाहेरून झिजते तुमची. लहानपणी डाव्या कडेवर घागर घेत होता काय?" मी खरंच घेत होते. वर्ध्याला आमच्या घरी नळ नव्हता.

ते हाडांचे डॉक्टर होते. त्यातही जन्मापासून पाय वाकडे असलेली बाळं म्हणजे त्यांचा जीव की प्राण. टाच वर ओढलेली, तळवा आत वळलेला, असं पाऊल घेऊन एखादं बाळ आलं की यांचा चेहरा खुलायचा. घराणं मराठ्यांच्या फौजेबरोबर कधीतरी नर्मदेकाठी आलेलं, तेव्हापासून इथलंच. घरात मराठी, अंगणात हिंदी आणि राग आला की दोन्ही एकदम. लग्न केलं नव्हतं. का, असं एकदा माझ्या यजमानांनी भीत भीत विचारलं, तर म्हणाले, "मुलगी पाहायला गेलो की मी मुलीचे पायच पाहत बसायचो. लोकांना ते आवडत नसे."

त्यांचा स्वतःचा डावा पाय जन्मतःच वाकडा होता. वेळेवर कुणी लक्ष दिलं नाही, तो आखूड आणि वाकडाच राहिला. त्या पायाला ते सदर बाजारातल्या एका मोच्याकडून जाड तळाचा बूट करून घेत. "बाकीचे लोक तळमजल्यावर राहतात, माझा एक पाय माडीवर राहतो," असं ते नव्या माणसाला पहिल्याच भेटीत सांगून टाकत, म्हणजे त्याची चोरून पाहण्याची यातायात वाचे. चालताना ते चांगलेच झुलत. गल्लीतली कार्टी त्यांच्या मागून त्यांची नक्कल करत चालायची. एकदा त्यांनी गर्रकन वळून सगळ्यांना पकडलं. आता कान पिळले जाणार असं मला गॅलरीतून वाटलं. पण डॉक्टरांनी त्यांना रांगेत उभं केलं आणि म्हणाले, "ऐसे नहीं बेटा. कमर गिराओ. पहले कमर, फिर कंधा. हाँ, अब आया!" अर्धा तास तालीम चालली. शेवटी सगळी गल्ली हुबेहूब डॉक्टरांसारखी चालायला लागली आणि दुसऱ्या दिवसापासून पोरांनी तो खेळच सोडून दिला. इतकं मन लावून शिकवल्यावर त्यात काय मजा राहणार!

आमच्या मराठी मंडळाच्या गणेशोत्सवात त्यांना एकदा 'आरोग्य आणि आपण' या विषयावर बोलायला बोलावलं. ही चूक मंडळाने एकदाच केली. डॉक्टरांनी सगळ्या श्रोत्यांना उभं केलं आणि शेजाऱ्याचे खांदे पाहायला सांगितले. कुणाचा डावा खाली, कुणाचा उजवा वर, कुणाची मान कललेली. प्रमुख पाहुणे म्हणून कुणी बडे अधिकारी आले होते, त्यांच्या एका खांद्याला धरून डॉक्टर म्हणाले, "हे बघा, फाइली उचलून उचलून." मग गणपतीकडे हात करून म्हणाले, "रोज उठून वक्रतुंडाची आरती करता आणि घरात वाकड्या पायाचं पोर जन्मलं तर त्याला पाहुण्यांपासून लपवता? शर्म नाही वाटत?" टाळ्या वाजल्या नाहीत. प्रसाद मात्र भराभर वाटला गेला.

रविवारी सकाळी खालच्या पुढच्या खोलीत त्यांचा दवाखाना भरायचा. कोमट पाण्याची बादली, प्लास्टरच्या पट्ट्या, जमिनीवर सतरंजी. आई बाळाला मांडीवर घेऊन बसायची आणि डॉक्टर तिच्यासमोर फतकल मारून ते इवलंसं पाऊल दोन बोटांत धरायचे. हळूहळू, दर आठवड्याला थोडं थोडं बाहेर वळवायचं, प्लास्टर घालायचं, पुढच्या रविवारी भिजवून सोडवायचं आणि पुन्हा थोडं पुढे. हे करताना ते गायचे. सूर असा की काही विचारू नका. पण बाळं रडायची थांबत; घाबरून असेल.

या खोलीत येणारी प्रत्येक बाई उंबऱ्यातच एक वाक्य बोलायची. "डॉक्टर साहब, मैंने ग्रहण में कुछ नहीं किया था." नाहीतर, "डॉक्टरसाहेब, चूक झाली, फक्त एक लिंबू चिरलं होतं." ग्रहणात पोटुशीने काही चिरलं, कापलं, शिवलं, दुमडलं की बाळाच्या अंगात व्यंग येतं, हे आपल्याकडे लहान मुलालाही ठाऊक. बाळाचा पाय वाकडा निघाला की घरातले सगळे मिळून आईचे मागचे नऊ महिने उकरायचे. ते वाक्य ऐकलं की डॉक्टर कडाडायचे, "जबाब कोण मागून राहिलंय? मी थानेदार आहे का? पाय दाखवा पाय!" एक दिवस तरी एखादी बाई आत येऊन आधी बाळाचा पाय पुढे करील, यासाठी आपण डॉक्टरकी करतो, असं ते म्हणायचे. तशी बाई त्यांना काही भेटत नव्हती.

म्हणून त्यांनी आपला एक सण काढला होता. ग्रहण लागलं की गोरखपुरातली दारं-खिडक्या बंद, चुली थंड, पाण्यात तुळशीपत्रं. अशा वेळी हे आपले ओट्यावर शेगडी पेटवून, पाट मांडून, चाकूने खचाखच वांगी, कांदे, भोपळा चिरत बसायचे. मग कढईत भजी. आणि आवाज थेट कोपऱ्यापर्यंत, "कोई है? गरमागरम भजिया! पेट से हो तो दो प्लेट!" कुणी यायचं नाही. गल्लीतली कुत्री तेवढी न चुकता हजर असायची आणि डॉक्टर त्यांनाही आग्रह करकरून वाढायचे.

मला पहिल्यांदा दिवस गेले तेव्हा अमरावतीहून सासूबाई आल्या. ठेंगणी, काटक बाई, शब्दाला धार. एके दिवशी तिन्हीसांजेला चंद्रग्रहण होतं. त्यांनी मला मागच्या खोलीत चटईवर सरळसोट निजवलं. हात अंगालगत, पाय जुळवलेले. "हालू नको बापा. खाजवलं तरी नख लागते." त्या स्वतः उशाशी माळ घेऊन बसल्या. खालून भज्यांचा वास येत होता आणि मला इतकी भूक लागली होती की त्या वासानेच मला झोप लागली.

मुलगी झाली. डावं पाऊल आत वळलेलं.

सासूबाई चकार शब्द बोलल्या नाहीत. तेच मला जास्त लागलं. त्यांनी आकांडतांडव केलं असतं तर मी भांडले तरी असते. मी आपली पडल्या पडल्या तो दिवस आठवून आठवून पाहायची. झोपेत मी पाय दुमडला असेल का? कूस वळले असेन का? न केलेल्या गोष्टीबद्दल माणूस किती झुरू शकतो, ते मला तेव्हा कळलं.

डॉक्टर आपणहून जिना चढून आले. तसा त्यांना जिना जड जायचा. दुपटं बाजूला केलं, पाऊल हातात घेतलं आणि एकदम ओरडले, "वा! काय पाय आहे! नरम लोणी! मास्तरीणबाई, अभिनंदन!" मुलगी झाल्यापासून माझं अभिनंदन करणारा हा पहिला माणूस. दिवाळीच्या आधी हा पाय सरळ झालेला दिसेल, असं ते म्हणाले. आणि मी, शाळेत पोरांना विज्ञान शिकवणारी बाई, काय बोलले? "डॉक्टरसाहेब, मी ग्रहणात काही केलं नव्हतं हो."

या खेपेला ते कडाडले नाहीत. खाटेच्या कडेला बसले आणि त्यांनी डावा बूट काढला. ते पाऊल मी प्रथमच उघडं पाहिलं. म्हणाले, "माझ्या आईने ग्रहणात पाहुण्यांसाठी एक सुपारी कातरली होती. रोज रात्री या पायाला तेल लावायची आणि रोज माफी मागायची. पायाची. मी हाडांचा डॉक्टर झालो, तिच्यासमोर पुस्तकं उघडून बसलो, पोटात बाळाचा पाय कसा घडतो त्याची चित्रं दाखवली. ती म्हणायची, 'हो रे राजा, तू म्हणतोस तसंच असेल.' आणि पुन्हा तेल घेऊन बसायची. जातानाही तिने तेच म्हटलं." मग त्यांनी बूट चढवला. "पोरीचा पाय मी सरळ करतो. तुमचं डोकं तुम्ही करा. मला डोक्याचं प्लास्टर येत नाही."

सासूबाई दाराशी उभ्या राहून सगळं ऐकत होत्या.

त्या बारसं उरकून परत जायच्या होत्या, त्या गेल्याच नाहीत. दर रविवारी त्या स्वतःच नातीला घेऊन खाली उतरायच्या. मला हात लावू देत नसत. पहिल्याच दिवशी डॉक्टरांनी सूर लावला तशा त्या म्हणाल्या, "गाणं बंद करा बापा. पोरगी काहून भेऊन राहिली, समजते का तुमाले?"

"वहिनी, मग तुम्ही गा."

"गातोच मी. तुमी आपलं काम करा."

आणि त्यांनी अशी काही खणखणीत ओवी म्हटली की बाळ डोळे मोठे करून ऐकतच राहिलं. त्या दिवसापासून गाण्याचं खातं सासूबाईंकडे गेलं. दोघांचं जमेना आणि दोघांना एकमेकांवाचून चालेना. पट्टी घट्ट झाली, पाणी गार झालं, बाळाची मान धरा, मला शिकवू नका. मी वर स्वयंपाकघरात ऐकत बसायची आणि एकटीच हसायची. दुसऱ्यांची बाळं आली तरी त्या उठेनात. "अमरावतीला माझं काय अडून राहिलं?" असं म्हणून त्यांनी मुक्काम ठोकला तो कायमचाच.

पाऊल सरळ झालं. पुढे बरेच दिवस रात्री आडव्या पट्टीने एकमेकांना जोडलेले बूट घालावे लागले, पण मुलगी चालायला लागली, पळायला लागली. ज्या दिवशी ती ओट्याच्या एका टोकापासून दुसऱ्या टोकापर्यंत धावली, त्या दिवशी डॉक्टरही तिच्या मागे झुलत झुलत धावले आणि दोघांनी मिळून कुंडी फोडली.

मला पुन्हा दिवस गेले आणि पंचांगात सूर्यग्रहण निघालं, भर दुपारचं. मी आठ दिवस आधीपासून धास्तावले होते.  ग्रहण लागायची वेळ झाली तशी मीच मागच्या खोलीत चटई टाकली. तर या बाई हातात विळी आणि सुपात वांगी-कांदे घेऊन समोर उभ्या.

"चाल."

"कुठं?"

"खाली. मागच्या येळी तुले काठीसारखी निजवली, काय भलं झालं? आता चिरून पाहू."

माझे यजमान मध्ये पडले. "आई, काहून असं करून राहिली? उगाच परीक्षा कशाला?"

"तू चूप बस. तुले लेकरू होऊन राहिलं का?"

आम्ही खाली गेलो. डॉक्टर कांदा सोलत होते. त्यांनी वर पाहिलं, आणि माझी खात्री आहे, त्या दिवशी त्यांनी प्रथमच आमच्या पायांआधी आमच्या तोंडांकडे पाहिलं. त्यांनी पाट सरकवला. सासूबाईंनी विळी माझ्यापुढे ठेवली. पहिली चकती एकीकडे जाड आणि एकीकडे पातळ झाली. समोरच्या खिडक्यांच्या फटी उघडल्या होत्या. सगळं गोरखपूर आम्हाला पाहत असणार. चिरता चिरता चकत्या सारख्या पडायला लागल्या. मग मी भजी खाल्ली, भरपूर खाल्ली. मागच्या ग्रहणातली भूकही त्यातच भागवली.

मुलगा झाला. डॉक्टरांनी दुपटं वर केलं. दोन्ही पाय सरळ.

"पाहा!" सासूबाई गरजल्या. "भाजी चिरली म्हणून!"

डॉक्टरांनी कपाळाला हात लावला. "वहिनी, याने काहीही सिद्ध होत नाही!"

"तुमाले काय समजते? तुमी हाडाचे डॉक्टर."

झालं. सासूबाईंनी ही बातमी गोरखपुरात, सदरच्या बाजारात आणि देवळाच्या ओट्यावर अशी काही पेरली की पुढच्या ग्रहणाला संध्याकाळी आमचा ओटा गरोदर बायकांनी भरून गेला. कुणाची विळी, कुणाचा चाकू, प्रत्येकीच्या मागे सासू नाहीतर आई, "अच्छे से काट बहू, मोटा मोटा!" डॉक्टर कढईपुढे घामाघूम. "सगळी हयात एक अंधश्रद्धा मोडण्यात घालवली आणि या बाईने माझ्याच ओट्यावर दुसरी काढली!" असं ते येणाऱ्या-जाणाऱ्याला सांगत होते आणि भजी तळत होते. रागावलेला माणूस इतका आनंदात मी दुसरा पाहिला नाही. कुत्र्यांच्या वाट्याला मात्र त्या दिवशी काही आलं नाही.

त्या बायकांमध्ये घमापूर मोहल्ल्यातली एक सून होती. तिने जवळजवळ अख्खा भोपळा चिरला होता. काही महिन्यांनी एका रविवारी ती बाळाला घेऊन दवाखान्यात आली. मी तेव्हा बादलीत पाणी ओतत होते. तिने दुपटं उघडलं. दोन्ही पाय आत वळलेले.

डॉक्टरांनी पावलाकडे पाहिलंच नाही. ते सासूबाईंकडे पाहत होते. आता ही बाई त्या पोरीला काय बोलणार, याची त्यांना धडकी भरली असावी. मलाही भरली होती.

सासूबाईंनी बाळाचे दोन्ही पाय हातात घेऊन पाहिले. मग बोटांवर मोजत म्हणाल्या, "इनं चिरलं, तं वाकडा. आमच्या हिनं पयल्या येळी नाई चिरलं, तरी वाकडा. दुसऱ्यांदा चिरलं, तं सरळ."  पुन्हा बोटं मोजली. "म्हंजे त्याचं याच्याशी काई घेणंदेणंच नाई?"

"वहिनी, हेच तर मी इतकी वर्षं..."

"तुमी थांबा हो! मले समजू द्या."

आणि त्या माझ्याकडे वळल्या. त्यांचा आवाज मी इतका बारीक कधी ऐकला नव्हता. "त्या दिवशी तू झोपली होती, पोरी. झोपेत तुहा डावा पाय वाकडा पडला. मी तो धरून सरळ केला. भर ग्रहणात. मले वाटत जाये, मीच नातीचा पाय फिरवला. म्हणून मी तुले कधी काई बोलली नाई. कोन्या तोंडानं बोलू?"

हातातली पाण्याची तपेली मी तशीच खाली ठेवली. इतकी वर्षं मी वर झुरत होते आणि ही बाई त्याच घरात, त्याच पायासाठी, माझ्या शेजारी झुरत होती! मला हसू फुटलं, आणि हसता हसता मी त्यांच्या गळ्यात पडले. त्याही हसायला लागल्या. "तुहं काई नव्हतं वं. अन् माहंबी नव्हतं!" असं त्या पुन्हा पुन्हा म्हणत होत्या, कुणी मोठी भेट दिल्यासारख्या.

घमापूरच्या पोरीला यातलं अक्षर कळलं नव्हतं. ती बिचारी पांढरीफटक पडून म्हणाली, "क्या हुआ अम्माजी? मुझसे कुछ गलती हो गई क्या?"

सासूबाईंनी पदराने डोळे पुसले आणि तिच्यासमोर बसकण मारली. त्यांची हिंदी म्हणजे आनंदच होता. "कुछ नहीं किया रे बाई तूने. तूने नहीं, मैंने नहीं, किसीने कुछ नहीं किया. ला, पाव आगे कर लेकरू का."

पोरीने बाळाचा पाय पुढे केला.

डॉक्टर पट्टी बुडवायला बादलीवर वाकले, ते वर येईचनात. त्यांचे खांदे हलत होते. खाली मान घालूनच ते म्हणाले, "वहिनी, माझ्या आईला तुम्ही भेटायला पाहिजे होतं."

"भेटली असती तं सांगितलंच असतं," सासूबाई म्हणाल्या. "आता उठा. पट्टी वाळून राहिली." आणि त्यांनी ओवी सुरू केली.